हौद्याचं अस्तर

२८ ऑक्टोबर

जुन्या पिकअपच्या हौद्यातलं प्लास्टिकचं लायनर आज उचकटून काढलं. गाडी विकायची आहे, आणि घेणाऱ्याला खालचा पत्रा दाखवल्याशिवाय किंमत बोलायची नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ह्यांनी कठड्याचे स्क्रू काढले आणि दोन बाजूंनी धरून आम्ही ते काळं खोकं मागे ओढलं. खाली कुजलेली पानं, कंपोस्टचा चिखल, वाळू, आणि त्या सगळ्यावर मिठाची पांढरी पापडी. प्लास्टिकचे उंच पट्टे जिथे जिथे पत्र्यावर टेकत होते तिथे रंग पट्ट्यापट्ट्यांनी घासून गेला होता. चाकांवरच्या उंचवट्यांच्या मुळाशी तर स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

असं का होतं ते सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. हे लायनर पॉलिइथिलीनचं, साच्यातून काढलेलं. हौद्यात ते नुसतं बसवलेलं असतं, चिकटलेलं नसतं. गाडी चालली की ते थरथरतं, खाली शिरलेली वाळू रंग खरवडते, आणि आत गेलेलं पाणी वारा न लागता आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. आमच्या मिशिगनमध्ये ते नुसतं पाणीही नसतं. डेट्रॉईट शहराच्या खाली सुमारे १२०० फुटांवर मिठाची मोठी खाण आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. असं मीठ हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या त्याच्याच पोटातलं मीठ त्या मोटारी खातं. गाड्यांच्या रंगांच्या प्रयोगशाळेत वीसेक वर्षं काढूनही गंजून भोक पडलेला पत्रा पाहिला की मला वाईट वाटतंच.

"नव्या गाडीला असलं खोकं नको," हे म्हणाले.

नकोच. नव्या गाडीला फवारलेलं अस्तर हवं, पत्र्याशी एकजीव होणारं, खाली पाण्याला जागाच न ठेवणारं. ते कारखान्यातून घ्यायचं की बाहेरून करून घ्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

३० ऑक्टोबर

डीलरकडे जाऊन आलो. गाडी एफ-१५०, चार दारांची, साडेसहा फुटी हौद्याची. तेवढं आधीच ठरलं होतं. ह्यांनी नोकरी सोडून सलीन गावाजवळ सहा एकर जमीन घेतली तेव्हापासून पिकअप हा आमचा तिसरा गडी आहे. वसंतात कंपोस्ट आणि लाकडाचा भुसा, उन्हाळ्यात मेथी, गवार, कारली, दुधी यांचे क्रेट शनिवारच्या बाजाराला, आणि बांधासाठी दगड. दगड शेजाऱ्याच्या लोडरने वरून ओतलेले. गणपतीत इथल्या मराठी मंडळाचं मखर आणि खुर्च्याही ह्याच हौद्यातून जातात.

नोंदणीच्या फॉर्मवर लायनरची एक चौकट आहे. किंमत सहाशे डॉलरच्या आसपास. गाडी कारखान्यात बांधायला घेण्याआधी खूण करायची. नंतर करता येत नाही. सेल्समन मुलगा मनमोकळा आहे. म्हणाला, "आत्ता राहिलं तरी काळजी करू नका. गाडी आली की आम्हीच लावून देऊ. सारखंच असतं."

सारखं नसतं. 'आम्ही लावून देऊ' म्हणजे सहसा गाडी डीलरच्या आवारातून एखाद्या फवारणीच्या दुकानात जाते, डीलर मधे आपला नफा ठेवतो आणि ते दुकान कोणतं हे गिऱ्हाइकाला कळतही नाही. बाहेरचंच घ्यायचं तर दुकान आपल्या डोळ्यांनी पाहून निवडावं. आवारात उभी असलेली गाडी घेणाऱ्यांनी खिडकीवरचा किमतीचा कागद नीट वाचावा. कारखान्याच्या छापील यादीत लायनर असेल तर ते कारखान्यातलं. शेजारी चिकटवलेल्या डीलरच्या चिठ्ठीत असेल तर बाहेरचं. आणखी एक खूण हौद्यातच असते. कारखान्यात अस्तर फवारतात तेव्हा हौदा अजून चेसिसवर चढलेला नसतो, त्यामुळे तळाच्या बोल्टांची डोकी उघडी राहतात. अस्तराखाली बुजलेला बोल्ट दिसला तर काम नंतरचं.

फॉर्म १५ नोव्हेंबरपर्यंत पक्का करायचा आहे.

२ नोव्हेंबर

रात्री जेवताना ह्यांना रसायन समजावून सांगितलं. निवड त्यावरच ठरणार म्हणून इथेही लिहून ठेवते.

या अस्तराचे दोन द्रव असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात रेझिन. रेझिनमध्ये पॉलिओल असेल तर पॉलियुरेथेन तयार होतं, अमाइन असेल तर पॉलियुरिया. बाजारातली बरीच अस्तरं या दोघांची मिश्रणं असतात. पॉलियुरेथेनचं रसायन ओटो बायर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधलं. गादीतला फोम आणि बुटांचे तळवे त्याच कुळातले. पॉलियुरिया मात्र फार उतावीळ: दोन द्रव एकत्र आले की काही सेकंदांत घट्ट. म्हणून ते वेगवेगळ्या नळ्यांतून, ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, दोन हजार पीएसआयच्या आसपास दाबाने आणतात आणि फवारणीच्या बंदुकीच्या तोंडाशीच त्यांची गाठ घालून देतात. उभ्या भिंतीवरूनही थर ओघळत नाही आणि हवी तेवढी जाडी चढवता येते.

जाडीचा हिशोब असा. गाडीचा सगळा रंग, म्हणजे तळाच्या ई-कोटपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत, मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतका असतो. बाहेरच्या चांगल्या दुकानात हौद्याच्या तळाला इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थोडं वर, अस्तर देतात. कारखान्यातलं सहसा त्याहून पातळ. म्हणूनच बाहेरच्या दुकानांचे लोक जाडीबद्दल इतकं बोलतात.

पण कारखान्याकडे एक गोष्ट आहे जी बाहेर कोणालाही मिळत नाही. भट्टीतून नुकताच निघालेला, कुणाचा हात न लागलेला रंग. धूळ नाही, मेण नाही, सिलिकॉन नाही, कड्या आणि बोल्ट अजून बसलेले नाहीत. दुकानात येणारी गाडी तोवर रस्त्यावर धावलेली असते, डीलरने तिला चकाकी आणलेली असते. माटुंग्याला यूडीसीटीत रंगतंत्र शिकत होते तेव्हा पहिल्याच सत्रात मनावर ठसवलं गेलं की रंग सुटतो तो बहुतेक वेळा रंगाच्या दोषाने नव्हे, खालच्या पृष्ठभागाची तयारी नीट न झाल्याने. पुढे नोकरीत सोललेले, फुगलेले, पापुद्रे सुटलेले जे नमुने टेबलावर आले त्यांनी तेच सांगितलं. घासलेल्या जागी थर घट्ट आणि चकाकी राहिलेल्या कोपऱ्यात नखाने निघणारा.

म्हणून कारखाना की बाहेर, यापेक्षा माझ्या मनातला प्रश्न वेगळा आहे. हौद्याचे कोपरे कोण घासणार आणि त्याला ते नीट घासायला वेळ देणार का?

कारखान्यातून फवारलेलं लायनर तसं फार जुनंही नाही. निसानच्या टायटनने २००४ च्या मॉडेलपासून ते द्यायला सुरुवात केली, मग फोर्ड, जीएम, रॅम सगळ्यांनी दिलं. त्याआधी ऱ्हायनो आणि लाइन-एक्ससारख्या दुकानांचंच राज्य होतं. टोयोटाच्या टॅकोमाचा हौदा २००५ पासून संमिश्र प्लास्टिकचा आहे, होंडाच्या रिजलाइनचाही तसाच. त्यांच्या मालकांना ह्यातलं काहीच ठरवावं लागत नाही.

५ नोव्हेंबर

घराजवळचं एक दुकान पाहिलं. नाव लिहीत नाही. मालकाने दर सांगितला, जाडी सांगितली, आजीवन हमी सांगितली. "सकाळी आणा, दुपारी घेऊन जा."

मागच्या शेडमध्ये एका लाल पिकअपचं काम चालू होतं. एक पोरगा ग्राइंडरला पोलादी तारेचं चाक लावून हौदा घासत होता. मधला तळ छान खरखरीत झाला होता, पण पुढच्या भिंतीचे कोपरे, कड्यांच्या मागची जागा आणि उंचवट्यांच्या कडा अजून चकाकत होत्या. तो घासायचा थांबला, हवेचा झोत मारला आणि मास्किंगची टेप लावायला लागला. म्हणजे त्याच्या लेखी घासणं झालं होतं. गाडी आमच्यासारखीच ॲल्युमिनियमच्या हौद्याची. ॲल्युमिनियमवर पोलादी तार फिरवली की पोलादाचे कण धातूत रुतून बसतात. मीठ आणि पाणी मिळालं की तिथूनच क्षरण सुरू होतं आणि अस्तराखाली ते कुणाला दिसतही नाही.

फवारणीला वेगळी खोली नव्हती. अर्धं उघडलेलं शटर आणि एक पंखा. फवारणाऱ्याचा साधा मास्क गळ्यात लोंबत होता. दुसरा मुलगा काहीही न बांधता त्याच शेडमध्ये झाडत होता.

मी ह्यांना हाताने खूण केली आणि आम्ही निघालो. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

६ नोव्हेंबर

झोप नीट लागली नाही. तो झाडणारा मुलगा डोळ्यांसमोरून जात नाही.

२००३ मध्ये आमच्याच मिशिगन राज्यात पिकअपना अस्तर फवारणारा ४५ वर्षांचा एक कामगार दम्याने गेला. त्याच्या मृत्यूची चौकशी झाली, ती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि २००६ मध्ये निऑश या केंद्रीय संस्थेने, जी कामाच्या जागेवरची सुरक्षितता आणि आरोग्य यांवर संशोधन करते, याच धंद्यासाठी स्वतंत्र इशारा काढला. कारण या अस्तरांतलं एमडीआय नावाचं आयसोसायनेट. फवारताना त्याचं धुकं होतं. ते श्वासातून आत गेलं की काही जणांचं शरीर त्याला कायमचं बिथरतं. मग पुढे अगदी थोड्याशा संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. घातक प्रमाण गाठलं तरी त्याचा वास नाकाला इशारा देत नाही. म्हणून फवारणी बंद खोलीत, हवा ओढून घेणाऱ्या पंख्यासह करायची. फवारणाऱ्याला बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा टोप हवा आणि इतर कोणी त्या खोलीत थांबायचं नाही. थर एकदा पुरता घट्ट झाला की गाडीच्या मालकाला त्याच्यापासून असा धोका नसतो. धोका फवारणाऱ्याला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याला.

आमच्या प्रयोगशाळेतला एक सहकारी असाच संवेदनशील झाला होता. उत्तम रसायनज्ञ. त्याला ते काम कायमचं सोडावं लागलं. पुढे कुणी नुसता ताजा फोम फवारलेल्या इमारतीतून जायचं म्हटलं तरी तो घाबरायचा.

चार पैसे वाचवायला किंवा दोन तास लवकर गाडी मिळवायला कुणाच्या फुप्फुसांची किंमत द्यायची नाही. एवढं आज ठरलं. दुसरं दुकान मनासारखं मिळालं नाही तर फॉर्मवरच्या चौकटीत खूण करायची.

९ नोव्हेंबर

जॅक्सन गावाच्या वाटेवरचं दुसरं दुकान. इथे मात्र दुपार कशी गेली कळलं नाही.

काउंटरवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो गाडी कधी येणार याचा. जानेवारीत, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आदल्या संध्याकाळीच इथे सोडा. रात्रभर आत उभी राहू दे." मला इतकं बरं वाटलं! उणे दहा अंशांतून गाडी उबदार शेडमध्ये आणली की थंड धातूवर दव धरतं, कधी डोळ्यांना न दिसेल इतकं बारीक. रंगकामात नियम आहे की पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश सेल्सिअस वर हवं. युरेथेनच्या बाबतीत तर पाणी आयसोसायनेटशी भिडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. ज्या दुकानाला हे माहीत आहे आणि जे त्यासाठी एक रात्र जागा अडकवून ठेवायला तयार आहे, त्याचं निम्मं काम मला न बघताच पटलं.

उरलेलं निम्मं बघितलं. फवारणीची खोली वेगळी, काचेची खिडकी असलेली. टोप आणि हवेची नळी खुंटीवर, वापराने मळलेली; नुसती दाखवायला ठेवलेली नव्हती. ॲल्युमिनियमच्या हौद्यांना तारेचं चाक लावत नाहीत, खरखरीत नायलॉन पॅडने घासतात. घासून तयार असलेल्या एका हौद्याच्या कोपऱ्यांतून, कड्यांच्या मागून मी बोट फिरवलं. सगळीकडे एकसारखा मंद, बिनचमकेचा पृष्ठभाग. घासल्यावर सॉल्व्हंटने दोनदा पुसतात, फडकं दर वेळी नवं. कडेला जी टेप लावतात तिच्यात बारीक तार असते. थर पुरता घट्ट होण्याआधी ती तार ओढली की धार सुरीने कापल्यासारखी सरळ येते आणि सुरी रंगाला लागत नाही.

बोल्टांबद्दल विचारलं. पुढेमागे इंधनाच्या टाकीतला पंप बदलायला हौदा उचलावा लागला आणि बोल्ट तीन मिलिमीटर अस्तराखाली गाडलेले असले तर मेकॅनिक तिथे छिन्नी चालवणार. हे लोक डोकी झाकून फवारतात, मग झाकण काढतात. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवतात. दोन द्रवांचं माप बिघडलं तर काय, असं विचारल्यावर फवारणारा हसला आणि त्याने कचऱ्यातला पुठ्ठा आणून दाखवला. दर गाडीआधी पुठ्ठ्यावर फवारून बघतात: चिकट राहिलं किंवा वाकवल्यावर तडकलं तर एका बाजूचा पंप कमी देतोय, मग गाडीला हात लावायचा नाही.

दर साडेसहाशे. कठड्यांवरूनही घेतलं तर वर शंभर.

हमीचा कागद घरी आणून वाचला. आजीवन, पण पहिल्या मालकापुरती; गाडी विकली की संपली. या धंद्यातल्या बहुतेक मोठ्या नावांची तीच तऱ्हा. कारखान्यातल्या अस्तराला गाडीची तीन वर्षं किंवा ३६ हजार मैलांची हमी असते आणि ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. बाहेरचं अस्तर लावल्यामुळे कारखान्याची हमी सगळीच रद्द होते असं कोणी सांगितलं तर ऐकू नये. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, बाहेरच्या वस्तूमुळेच बिघाड झाला हे दाखवल्याशिवाय तसं करता येत नाही.

१२ नोव्हेंबर

दिवाळीच्या फराळाला मंडळातली पाच-सहा घरं एकत्र. चिवड्याच्या ताटाभोवती अर्धा तास लायनर. गाड्यांच्या कंपन्यांत आयुष्य घालवलेली माणसं, प्रत्येकाला मत आहे आणि ते ऐकण्यासारखं असतं.

एकांकडे कारखान्यातलं आहे. सायकली, फर्निचर, कॅम्पिंगचं सामान, कधी बागेची माती. इतक्या वर्षांत एक ओरखडाही नाही म्हणाले, आणि मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. अशा वापराला पातळ थर भरपूर झाला.

दुसऱ्यांनी बाहेरून मऊ, रबरी जातीचं घेतलंय. सामान घसरत नाही याचं त्यांना सुख, पण जड पेटी पुढे सरकवता येत नाही आणि खरखरीत तळावर गुडघे टेकले की सोलतात. हे खरं आहे. कठीण जातीचं अस्तर झीज आणि काप चांगलं सोसतं, मऊ जातीचं सामान धरून ठेवतं. घेण्याआधी नमुन्यावर नख रोवून बघावं. शेणखत, माती नेणाऱ्यांनी पोत फार खडबडीत घेऊ नये, खाचांतून चिखल निघता निघत नाही.

तिसरे डबा आणून स्वतः रोलरने लावायच्या विचारात आहेत. जुन्या गाडीला खुशाल लावा म्हटलं. पण घासणं तेवढंच करावं लागेल, किंबहुना जास्त, आणि गॅरेजचं दार बंद करून तर अजिबात नाही.

हौद्यावर झाकण बसवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना निघाली. कठड्यांवर जाड थर चढवला तर झाकणाच्या पकडी आणि रबरी पट्टी नीट बसत नाहीत. झाकण आधी ठरवावं. आमच्या हौद्याला झाकण नसणार, तेव्हा कठडे मढवता येतील. क्रेट चढवता-उतरवता सगळ्यात जास्त मार कठड्यांनाच बसतो.

रात्री सांगलीहून दादाचा फोन. त्याच्या पिकअपच्या हौद्याला त्याने तळाला चेकर प्लेट टाकून घेतली आहे. "पत्रा खराब झाला की गावातला वेल्डर नवा मारतो. तुम्ही लोक अस्तराला एवढा खर्च करता?" त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. तिथे वेल्डर हाकेवर आहे आणि रस्त्यावर मीठ नाही. इथे हौद्याचा तळ बदलायचा म्हटलं तर येणाऱ्या बिलात दादाच्या गाडीचा सगळा हौदा नवा होईल.

१४ नोव्हेंबर

ठरलं. कारखान्याच्या लायनरची चौकट कोरी ठेवायची.

शेवटपर्यंत मन दोन्हीकडे होतं. कारखान्यातलं घ्यावं आणि पुढे कमी पडलं तर त्यावरच बाहेरचं फवारून घ्यावं, असाही एक मार्ग आहे. दुकानं तसं करून देतात, खालचा थर घट्ट असेल तर टिकतंही. पण मग दोनदा पैसे, आणि आम्हाला कमी पडणार हे आत्ताच दिसतंय.

दिसतंय ते दगडांमुळे. २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० चं अंग ॲल्युमिनियमचं आहे. गंजत नाही, हलकं आहे, मिठाच्या मुलखात मला ते मनापासून आवडतं. पण २०१६ मध्ये शेवरोलेने केलेली जाहिरात इथे अजून सगळ्यांच्या लक्षात आहे: लोडरमधून ८२५ पौंड फरसबंदीचे ठोकळे हौद्यात ओतले, ॲल्युमिनियमला भोकं पडली, त्यांच्या पोलादी हौद्याला पोचे आले. प्रतिस्पर्ध्याने केलेली चाचणी म्हणून तिच्याकडे बघावं हे खरं, तरी धारदार कोपऱ्याचा दगड उंचावरून पडला तर काय होतं ते त्यात दिसलं. तीन मिलिमीटरचं अस्तर म्हणजे चिलखत नव्हे. दगडाचं वजन आणि उंची तीच राहिली तर खाली पोचा येणारच. पण धार थेट धातूला भिडत नाही, आणि दगड पसरताना घासतात ती सगळी झीज अस्तरावर जाते. अशा कामाला जाडीचा उपयोग आहे. कठडे मढवून मिळतात. काप पडला तर दुरुस्ती करणारा अर्ध्या तासावर आहे. डीलरकडे सहसा फवारणीचं यंत्र नसतं, कारखान्याचं अस्तर फाटलं तरी तो असल्याच दुकानात पाठवतो.

पण हा निर्णय त्या दुसऱ्या दुकानामुळे झाला. ते सापडलं नसतं तर मी कारखान्याचंच घेतलं असतं, दगडांसकट.

२३ जानेवारी

गाडी आली. डीलरला आधीच लिहून कळवलं होतं की हौद्यात मेण, पॉलिश, चकाकीचा फवारा काही मारू नका. काही मारलेलं नव्हतं. संध्याकाळी परस्पर जॅक्सनच्या वाटेला. बाहेर उणे अकरा. शेडमध्ये घेतल्यावर पाच मिनिटांत हौद्यावर धूसर ओल आली, बोटाने रेघ ओढता येईल इतकी. ह्यांनी ती ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

२४ जानेवारी

खिडकीतून सगळं काम पाहिलं. सकाळ घासण्यात आणि पुसण्यात गेली, फवारणी त्यामानाने झटपट. तयारीला वेळ आणि फवारणीला घाई, असंच हवं. फवारणारा टोप घालूनच आत गेला, बाकी कोणी खोलीत नव्हतं, आणि हवा पुरती बदलेपर्यंत दार उघडलं नाही.

बाहेर आल्यावर टॉर्चने तपासलं. कोपऱ्यांत पोत एकसारखा, कुठे चिकट किंवा जास्त चमकणारा डाग नाही, भोकं मोकळी, बोल्ट मोकळे, कडेची धार नखाला अडकत नाही. हे बघायचं ते तिथेच, पैसे देण्याआधी. जड वजन दोन-तीन दिवस टाकू नका म्हणाले.

३० मार्च

बर्फ गेला, पहिले दगड आणले. लोडरवाल्या शेजाऱ्याला बादली शक्य तितकी खाली आणून ओतायला सांगितलं. तळावर राखाडी ओरखडे उठले, पाण्याने धुतल्यावर बरेचसे गेले. काप एकही नाही. कठड्यावर क्रेट घासले जातात तिथे काहीच दिसत नाही.

काळा रंग उन्हाने हळूहळू फिका होईल. एमडीआयपासून बनलेली अस्तरं अतिनील किरणांनी वरवर पांढुरकी पडतात. ताकद त्याने विशेष कमी होत नाही. न फिकटणारी जात असते, पण महाग, आणि खत वाहायच्या गाडीला तिची गरज नाही.

ट्रॅक्टरसाठी पेट्रोलचा डबा भरायला गेलो तेव्हा ह्यांनी तो हौद्यातून उतरवून जमिनीवर ठेवला, मग भरला. १९९८ मध्ये निऑशने यावर इशारा दिला होता: प्लास्टिकच्या लायनरवर ठेवलेला डबा भरताना त्यावर स्थिर वीज साठते, जमिनीत जायला वाट मिळत नाही, नळीच्या टोकाशी ठिणगी पडते. तशा आगी लागल्या आहेत, माणसं भाजली आहेत. फवारलेलं अस्तरही वीज वाहून नेत नाही, तेव्हा त्यावरही तीच सवय ठेवायची.

१४ एप्रिल

मंडळातल्या एका तरुण जोडप्याचा फोन. पहिली पिकअप नोंदवताहेत, काय करू ताई? विचारलं, हौद्यात काय नेणार? दोन सायकली, कधी सोफा, वर्षातून एकदा बागेची माती. त्यांना म्हटलं, फॉर्मवर खूण करा आणि कारखान्याचं घ्या. ज्यांना दगड, भंगार, लोखंड, रोजचं ओझं न्यायचं आहे त्यांनी बाहेरचं जाड अस्तर घ्यावं. पण दर आणि जाडी विचारण्याआधी मागच्या शेडमध्ये जाऊन बघावं. हौद्याचे कोपरे घासलेले नसतील, किंवा फवारणाऱ्याच्या डोक्यावर हवेच्या नळीचा टोप नसेल, तर तिथे गाडी देऊ नका.